अडतिसावा स्वेटर

"हात वर कर बाळा. दोन्ही."

रणाळकरबाईंनी माझ्या मंजूच्या डोक्यातून स्वेटर खाली ओढला, बाह्या सरळ केल्या आणि तिला खिडकीकडे वळवून पाहिलं. निळा स्वेटर, छातीवर दोन पांढरे पट्टे. मंजूने आधी पोटावरून हात फिरवला, मग मान खाली घालून त्याचा वास घेतला.

"नवा आहे, बाबा," ती मला म्हणाली.

बोरवंडच्या नगरपालिकेच्या शाळेत ती पहिलीत होती. वर्ष सत्त्याऐंशी. डिसेंबरात आमच्या खानदेशात सकाळी नळाच्या पाण्याला हात लावावासा वाटत नाही, तशी थंडी होती. वर्गात अडतीस मुलं होती आणि शिक्षकांच्या टेबलावर पोत्यातून काढलेले अडतीस स्वेटर होते. लाल, निळे, हिरवे, मेंदीच्या रंगाचे. तीन वर्षं हे चाललं होतं. नाताळच्या सुट्टीआधी एक पोतं शाळेत येई आणि पहिलीतल्या सगळ्या मुलांना स्वेटर मिळत. गरीब-श्रीमंत असा भेद नव्हता. मामलेदाराचा मुलगा वर्गात असता तर त्यालाही मिळाला असता.

"बाई, कोण पाठवतं हे?" मी विचारलं.

रणाळकरबाई मुख्याध्यापिका होत्या. शिस्तीच्या. पुढच्या मुलाचे हात वर करत त्या म्हणाल्या, "देणाऱ्याने नाव सांगू नका म्हटलंय, कोठावदे. तुम्ही वडील म्हणून आलात ना? मग वडील म्हणूनच थांबा."

त्यांना असं म्हणावं लागलं, कारण दिवसा खरेदी-विक्री संघात कारकुनी करणारा मी 'बोरवंड वार्ता' या साप्ताहिकात 'गावची खबरबात' हे सदर लिहीत असे. कोणाची मुलगी बारावीला पहिली आली, कोण निवृत्त झालं, कुठल्या मंडळाने रुग्णांना फळं वाटली. सदराखाली माझं नाव येई, श्रीरंग कोठावदे. रस्त्यात लोक थांबवून म्हणत, "आमचं पण येऊ द्या." मला ते फार आवडायचं. आपण कोणीतरी आहोत असं वाटायचं.

आमचे संपादक-मालक भावसारशेठ. त्यांचाच छापखाना, त्यांचंच साप्ताहिक. त्या संध्याकाळी मी त्यांना स्वेटरचं सांगितलं, तर छपाईचे खिळे जुळवता जुळवता त्यांनी हात थांबवला.

"तीन वर्षं? आणि गावाला माहीत नाही?"

"नाही."

"मग शोध की. नाताळच्या अंकाला पहिल्या पानावर गोड काहीतरी पाहिजेच आहे. फळवाटप छापून कंटाळा आला. पहिलं पान तुझं. वर नाव." बोटाने टेबलावर नावाची जागा दाखवत ते म्हणाले, "जिल्ह्याच्या दैनिकालाही पाठवतो. ते उचलतील बघ."

शोधायला दोन दिवस लागले. अडतीस स्वेटर म्हणजे लोकर किती लागणार, आणि गावात लोकर विकणारं दुकान एकच. दुकानदाराने आढेवेढे घेतले नाहीत.

"वर्षभर टांगेवाला येतो ना. कुष्ठधामचा. दर महिन्याला थोडी थोडी नेतो."

कुष्ठधाम गावाच्या पूर्वेला, नाल्यापलीकडे होतं. मिशनने फार पूर्वी बांधलेलं. गावातली माणसं त्या बाजूला जात नसत. शेळ्यासुद्धा नाल्याच्या अलीकडेच वळवत. मी तिथे पहिल्यांदा गेलो तो गुरुवारी दुपारी, सायकलवर, खिशात वही घालून.

मला अपेक्षा काय होती कोण जाणे. पाहिलं तर सारवलेलं अंगण, गोंड्याच्या फुलांची रांग, लहानसं देऊळ म्हणावं असं चर्च आणि त्याच्या दारावर टांगलेली कागदाची चांदणी. तिथल्या डॉक्टरांनी मला दहा मिनिटं समजावून सांगितलं की इथले बहुतेकजण बरे झालेले आहेत, औषध पूर्ण झालेल्या माणसापासून कोणाला काही होत नाही, हातापायांत उरलंय ते जुन्या रोगाचं व्यंग आहे, रोग नव्हे. मी सगळं लिहून घेतलं. मग त्यांनी मला एका ओसरीकडे नेलं.

"रूथबाई, पाहुणे आलेत."

ती पन्नाशीची असेल. नेसूचं लुगडं स्वच्छ, केस घट्ट बांधलेले. उजव्या हाताची बोटं आत वळलेली, डाव्याची दोन बोटं अर्ध्यावर संपलेली. एक सुई तिने काखेत धरली होती आणि दुसरी अंगठ्याच्या बेचक्यात. नजर क्षणभरही सुईवरून हलत नव्हती. मला नंतर कळलं, तिच्या बोटांना स्पर्श कळत नसे. पाहिलं नाही तर सुई बोटात गेलेली समजायची नाही.

"सलाम, साहेब," ती म्हणाली. "बसा."

मी बसलो. सांगितलं की मी वर्तमानपत्रातून आलोय. तिचे हात थांबले.

"रणाळकरबाईंनी सांगितलं?"

"नाही, नाही. त्यांनी एक शब्द काढला नाही. मीच शोधलं."

"कशाला शोधलंत, दादा?"

मी म्हणालो, चांगलं काम लोकांना कळायला हवं. कोणीतरी चहा आणून दिला. कप माझ्यासमोर ठेवला आणि दोघीजणी लांब उभ्या राहून पाहत राहिल्या. मी तो प्यालो. सगळा प्यालो, आणि पिताना स्वतःला शाबासकी दिली. तो चहा मी बातमीतही लिहिला. 'प्रस्तुत प्रतिनिधीने तेथील भगिनींच्या हातचा चहा आनंदाने घेतला.' ते वाक्य मला अजून पाठ आहे.

"पहिलीच्याच मुलांना का?" मी विचारलं.

"माझी मुलगी पहिलीत होती," ती म्हणाली. "डाग दिसले तेव्हा सासऱ्यांनी बैलगाडीतून मला इथे आणून सोडलं. पौष महिना होता. ती गाडीमागे पळत आली, नुसत्या परकर-पोलक्यावर. तिला परत घरी धाडा, असं मी ओरडून सांगत होते, कारण थंडी फार होती. पुढे काय झालं मला माहीत नाही. कोणी कळवलं नाही."

एवढंच तिने सांगितलं. डोळे पुसले नाहीत, आवाज बदलला नाही. मग म्हणाली, "साहेब, हे छापू नका."

"तुमचं नाव छापणार नाही."

"नावाचं काय हो. माझं नाव कोणाला माहीत आहे? कुठून येतात ते कळलं की पोरांच्या अंगावरून निघतील. आत्ता माहीत नाही म्हणून घालतात."

"रूथबाई, लोक आता शिकलेत," मी म्हणालो. "डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं मी लिहीन. उलट तुमचा मान वाढेल. गाव तुमच्याकडे येईल."

तिने माझ्याकडे पाहिलं. तेवढ्या एकदाच तिची नजर सुईवरून वर आली. मग ती पुन्हा विणायला लागली. ती गप्प बसली म्हणजे तिची हरकत नाही, असं मी धरलं. धरायचंच होतं मला.

घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मंजू त्या निळ्या स्वेटरमध्येच होती. चार दिवस तिने तो अंगावरून उतरवला नव्हता. ती येऊन माझ्या गळ्यात पडली. जेवण झाल्यावर मी लिहायला बसलो. एवढं सुंदर मी आधी कधी लिहिलं नव्हतं. शुक्रवारी सकाळी आंघोळ करून मजकूर छापखान्यात नेऊन दिला. भावसारशेठनी उभ्याउभ्याच वाचला आणि चष्मा काढून डोळे पुसले.

"वा," ते म्हणाले. "वा, श्रीरंग. मथळा मोठ्या खिळ्यात."

शनिवारी दुपारी अंक निघाला. 'नाल्यापलीकडची ऊब.' खाली माझं नाव. संध्याकाळपर्यंत अंक संपले आणि शेठनी पुन्हा छपाई लावली, असं त्या साप्ताहिकाच्या इतिहासात पूर्वी झालं नव्हतं. रविवारी बाजारात तिघाचौघांनी माझी पाठ थोपटली. एकाने विचारलं, "म्हणजे ते महारोग्यांनी विणलेले?" मी म्हणालो, "बरे झालेले आहेत हो ते." तो "हां हां" म्हणाला आणि घाईने निघून गेला.

सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला संघातला शिपाई माझ्या टेबलाशी आला. "कोठावदेसाहेब, शाळेकडे जा. तुमच्या बातमीवरून गडबड झालीय."

मी पोचलो तेव्हा फाटकाबाहेर पन्नाससाठ माणसं होती. आयाबाया, कडेवर पोरं. फाटकासमोर मातीत स्वेटरांचा ढीग पडला होता. कोणी हाताने आणलेला दिसत नव्हता. काठीने, चिमट्याने, एकाने तर पत्र्याच्या सुपात घालून आणला होता. एक बाई मुलाला तिथेच उघडा करून त्याच्या पाठीवर डाग शोधत होती आणि पोर थंडीने कुडकुडत रडत होतं.

रणाळकरबाई ढिगाजवळ उभ्या होत्या. "अहो, डॉक्टरांनी सांगितलंय, काही होत नाही. पेपरातच लिहिलंय की."

"पेपरातच लिहिलंय म्हणून तर आलो," सायकलच्या दुकानाचा मालक म्हणाला. त्याची मुलं याच शाळेत होती. "बाई, तुम्हाला माहीत होतं. तीन वर्षं माहीत होतं आणि तुम्ही आमच्या पोरांना हे घातलंत."

"हो. माहीत होतं."

"मग जळू दे आता तुमच्या डोळ्यांसमोर."

त्याच्या हातात रॉकेलचा डबा होता. बाई म्हणाल्या, "एक मिनिट थांबा." आणि त्या खाली वाकल्या. मला वाटलं, हात जोडणार. त्यांनी यंदाचा एकेक स्वेटर उचलून बाजूला ठेवायला सुरुवात केली. मोजत होत्या. का मोजत होत्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं बहुतेक. वर्गातल्या मुलांची हजेरी घ्यायची सवय, दुसरं काय.

"सदतीस," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

मग काडी पडली. लोकर भडकन पेटत नाही. आधी वितळल्यासारखी आक्रसते, काळी होते आणि केस जळल्याचा वास सुटतो. तो वास नाकात जाताच मी मागे सरलो आणि कोणाशीही न बोलता सायकलवर बसलो. मला कोणी अडवलं नाही. मला कोणी वाईटही बोललं नाही. उलट एकजण म्हणाला, "बरं झालं साहेब, तुम्ही छापलंत. नाहीतर कळलंच नसतं."

नाताळच्या दिवशी दुपारी रणाळकरबाई आमच्या घरी आल्या. पायात चपला तशाच ठेवून दारात उभ्या राहिल्या. सिंधूने, माझ्या बायकोने, बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"कोठावदे, मी तुमच्यावर फार चिडले होते," त्या म्हणाल्या. "अजून चिडलेली आहे. पण त्या ढिगात निळा स्वेटर नव्हता. पांढऱ्या पट्ट्यांचा. मी स्वतः मंजूला घातला होता, मला आठवतो. अख्ख्या गावाने आणून टाकले, एक तुम्हीच टाकला नाहीत."

सिंधू आत निघून गेली.

"टांगा उभा आहे. रूथबाईंकडे निघालेय. त्यांना सगळं समजलंय, त्या जेवत नाहीयेत. तुम्ही चला. एक राहिला, हे त्यांना तुमच्या तोंडून ऐकू दे."

आता ते सांगायला हवं जे मी कोणाला सांगितलेलं नाही.

त्या गुरुवारी संध्याकाळी मंजू गळ्यात पडली तेव्हा माझ्या गालाला ती लोकर लागली, आणि मी तिला दूर केलं. हळूच केलं, तिला कळणार नाही असं. मग रात्री जेवताना तिच्या बाहीकडे पाहत राहिलो. मला ती काखेतली सुई दिसत होती, अर्ध्यावर संपलेली बोटं दिसत होती. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं माझ्या वहीत होतं. माझा त्याच्यावर विश्वासही होता. तोच विश्वास मी सुरेख शब्दांत कागदावर उतरवत होतो. आणि शुक्रवारी पहाटे सिंधू दुधाला गेली असताना मी झोपलेल्या मंजूच्या अंगावरचा स्वेटर सोडवला, दोन बोटांत धरून मोरीत नेला आणि पाणी तापवायच्या बंबात घातला. वर दोन लाकडं टाकली. त्याच पाण्याने आंघोळ केली आणि मजकूर घेऊन छापखान्यात गेलो.

मंजूला सांगितलं, नीट ठेवलाय, सुट्टीत घाल. सिंधूने घरात आल्या आल्या विचारलं, "केस जळल्यासारखा वास कसला येतोय?" मी म्हणालो, काही नाही. तिने बंबाची राख काढताना काय पाहिलं, ते तिने मला कधी सांगितलं नाही.

गावाने जे सोमवारी केलं ते मी शुक्रवारीच केलं होतं. गाव काय करील हे मला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती. रूथबाईंनी सांगितलं होतं आणि माझ्या हातांनीही सांगितलं होतं. तरी मी लिहिलं, की लोक आता शिकलेत.

टांग्यात मी रणाळकरबाईंच्या समोर बसलो होतो. नाल्यापर्यंत सांगावं असं ठरवलं. नाला आला. मग चर्चपर्यंत म्हटलं. चर्चमधून गाणं ऐकू येत होतं, दारावरची चांदणी वाऱ्याने उलटी झाली होती. बाई रस्ताभर एकच वाक्य बोलल्या. "तुम्ही मला त्या दिवशी तिथेच का नाही सांगितलंत? माझा जीव जरा भांड्यात पडला असता."

रूथबाई ओसरीवरच होत्या, भिंतीला टेकून. हात मांडीवर रिकामे. शेजारी ताटलीत करंज्या झाकून ठेवल्या होत्या. आम्हाला पाहून त्या उठायला लागल्या, बाईंनी त्यांना खांद्याला धरून बसवलं.

"रूथबाई, मी मोजले होते. सदतीस होते. एक यांच्या घरी आहे."

रूथबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं. आत्ता, असं मनात म्हटलं.

"कोणता, दादा?" त्यांनी विचारलं.

"निळा," मी म्हणालो. "पांढरे पट्टे."

"तो शेवटी विणला होता मी. लोकर संपत आली होती म्हणून पट्टे घातले." त्या जरा पुढे सरकल्या. "मला शंका होती, बाह्या लांब झाल्यात की काय. बसला का अंगाला?"

रूथबाई आणि रणाळकरबाई, दोघीही माझ्याकडे पाहत होत्या.

"हो," मी म्हणालो. "अगदी बरोबर बसला."

रूथबाईंनी दोन्ही वाकडे हात तोंडावर धरले. मुलगी गाडीमागे पळत आल्याचं सांगताना जी बाई रडली नव्हती, ती त्या एका शब्दाने रडली. मग पदराने तोंड पुसून त्यांनी ताटली माझ्यापुढे केली. "पोरीला न्या. गोड आहेत." मी रुमालात चार करंज्या बांधून घेतल्या. येताना नाल्यात टाकणार नाही, असं स्वतःला बजावलं, आणि नाही टाकल्या. मंजूने खाल्ल्या. पण ही काही सांगण्यासारखी गोष्ट नाही.

शाळेत पुन्हा पोतं आलं नाही. रणाळकरबाईंची चौकशी झाली आणि त्यांना लांबच्या गावी बदलून टाकलं. जिल्ह्याच्या दैनिकाने माझी बातमी उचलली, मला नारळ आणि शाल मिळाली. दर नाताळला मात्र टांगेवाला आमच्या दारात एक कागदी पुडकं ठेवून जाई. एकच स्वेटर, आधीच्यापेक्षा बेताने मोठा. चार वर्षं आला. मी मंजूचं माप कधी कळवलं नव्हतं, तरी ते बरोबर असे. पाचव्या वर्षी टांगेवाल्याने हात हलवून नाही म्हणून सांगितलं आणि थांबला नाही.

मंजू आता पंचेचाळिशीची आहे. तिला तो पहिला स्वेटर आठवत नाही, पण त्याची गोष्ट तिला तोंडपाठ आहे, कारण रणाळकरबाईंनी ती जाताना गावात सगळ्यांना सांगितली होती. गेल्या डिसेंबरात ती मुलाला घेऊन आली होती. गच्चीवर उन्हात बसलो होतो. ती त्याला सांगत होती, की साऱ्या गावाने स्वेटर जाळले, पण तुझ्या आजोबांनी तुझ्या आईचा जाळू दिला नाही.

मुलगा बारा वर्षांचा आहे, कशावरही सहज विश्वास ठेवत नाही. त्याने माझ्याकडे वळून विचारलं, "खरंच, आजोबा?"

सिंधू शेजारी डाळ निवडत होती. तिचा हात थांबला.

मी हो म्हणालो.